पाण्यावरचे रविवार

“आईच्या बाजूला कुणाला असा त्रास होता का? आई, आजी, मावशी?”

आवाज बाईचा होता, पण बाई कुठे नव्हती. मिरजेच्या दवाखान्यातल्या टेबलावर शाळेच्या पाटीएवढी काच उभी केली होती, तीच विचारत होती, आणि विचारून झाल्यावर नव्या सुनेसारखी गप्प राहून वाट बघत होती. तायाक्का खराडेला असल्या नम्र वस्तूंचा मनस्वी राग. समोर माणूस असता तर त्याच्या खानदानाची उजळणी करून तिनं त्याला वाटेला लावलं असतं. काचेला काय बोलणार, कपाळ?

“न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या म्हायेरात कुणी येडं न्हाई. हे सगळं हिच्या बापाच्या बाजूनं आलंय. ह्यांचा चुलता लंगोटीवर गाव हिंडायचा. लिवून घे.”

काचेनं लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या सारिकानं, तिच्या थोरल्या लेकीनं, मान वर करून आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी धाकट्या लेकाच्या, धैर्यशीलच्या वेळी तिला विचारला गेला होता. तेव्हाही तिनं चुलत्यालाच पुढं केलं होतं. बिचारा चुलता. मरून चाळीस वर्षं झाली तरी खराड्यांच्या घरातलं सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटत होतं.

धैर्यशील तेव्हा एकोणीस वर्षांचा. द्राक्षबागेवर फवारणीचे ड्रोन फिरायचे, ते आपल्या डोक्यातले विचार काढून नेतात असं म्हणून त्यानं महिनाभर डोक्याला ओला टॉवेल बांधला होता. तायाक्कानं देव केले, धूप केले, त्याच्या दोन मुस्काटातही दिल्या. शेवटी मिरजेला आणलं. तिथं गौतमी वाघमोडे नावाची तरणी डॉक्टर भेटली. तिनं कागदावर चूल काढून दाखवली म्हणून तायाक्का तिचं ऐकून घ्यायला बसली, नाहीतर उठलीच होती.

“आजी, मेंदू हा अंगाच्या मानानं एवढासा,” डॉक्टर म्हणाली, “पण खायला हावरा. घरात पाच भाकरी झाल्या तर त्यातली एक हा एकटाच खातो. त्याच्या कणाकणात बारीक चुली आहेत. त्या साखर जाळतात आणि त्या जाळावर विचार चालतात. या आजारात चुली धुमसतात. साखर आत जाते, पण नीट जळत नाही. मग त्या धुरात माणसाला आपलाच विचार परक्याचा आवाज वाटायला लागतो.”

“मग चूल उपसून टाकायची का?”

“सरपण बदलायचं. चरबीपासून एक दुसरं इंधन तयार होतं. कीटोन म्हणतात त्याला. ते धुमसत्या चुलीतही जळतं.”

पुढचं तायाक्कानं ऐकलं नाही. तिचं लक्ष डॉक्टरच्या तळहातावरच्या दाण्याकडे होतं. पावट्याच्या दाण्याएवढी चकती. कानामागं चिकटवायची. मेंदूतल्या चुली किती जळतायत ते ती कातडीवरून मोजते, घरातल्या डबीला कळवते, आणि डबी रोज सकाळी तेवढंच दुधाळ औषध वाटीत ओतते. जास्त मागून मिळत नाही, डबीला कुलूप. सगळं ठीक असलं की दाण्यावर हिरवा टिपका, बिघडायला लागलं की पिवळा, मग लाल. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. तायाक्काच्या तासगावानं पहिल्याच आठवड्यात त्याचा पावटा केला.

धैर्यशील नऊ आठवड्यांत माणसात आला. आज तो बॅटरीचा टेम्पो चालवतो, बायको आहे, दोन पोरं आहेत. आणि ते सगळं जणू आपणच बेदाण्यासारखं रॅकवर वाळवून तयार केलं, अशा थाटात तायाक्का गावाला सांगत फिरली. घाबरलेल्या चार आया तिनं हाताला धरून मिरजेला नेल्या. “हिरवा टिपका आला की बिनघोर,” ती त्यांना सांगायची. बेदाण्याच्या शेडमध्ये तिनं जन्म घालवलेला. तिसरीतून शाळा सुटली ती थेट निवडायला बसली, आणि पुढं ती शेड तिची झाली. आता निवडीला कॅमेऱ्याचं यंत्र आलं होतं, पण पेटी बंद करायच्या आधी शेवटची नजर तायाक्काची. हिरवा, पिवळा, काळा. तिला रंगावरून माल कळायचा, आणि माणूसही कळतो असं तिला वाटायचं.

आता सत्तेचाळीसाव्या वर्षी सारिका माघारी आली होती. दिलेली कवठेमहांकाळला, नवरा जालिंदर, त्याचं खताचं दुकान, एकुलती मैथिली एकवीस वर्षांची. पाळी थांबून वर्ष झालं आणि सारिकाला मिक्सरमधून कुणीतरी नावानं हाक मारायला लागलं. तिनं मिक्सर बंद केला. मग नळातून हाक यायला लागली. मग ती शेजारणीच्या घरी जाऊन म्हणाली, तुम्ही माझ्याबद्दल भिंतीत बोलू नका. जालिंदरनं चार महिने सोसलं, मग गाडी काढून तिला तासगावला आणून सोडलं.

“मामी, मैथिलीचं लगीन हाय वैशाखात,” तो दारातूनच म्हणाला होता. “मांडवात हिनं कायतरी केलं तर पोरीचं वाटोळं होईल. दिवा हिरवा होऊ दे, तब्येत धरू दे, मी स्वतः न्यायला येतो. तसं झालं न्हाई तर कन्यादानाला माझी भावजय बसंल.”

“माझ्या लेकीच्या जागी तुमची भावजय?” तायाक्का म्हणाली. “तिला म्हणावं, आधी सोताच्या लेकरांची नाकं पूस. चैत्रातल्या तृतीयेला या जावईबापू. लेक तयार करून ठेवते.”

तिनं शब्द दिला होता. आणि तायाक्कानं दिलेला शब्द म्हणजे बंद केलेली पेटी.

आठव्या दिवशी सारिकाच्या कानामागं हिरवा टिपका आला. शेडमधल्या बायकांनी काम थांबवलं. निवडीच्या पट्ट्यावर बसणारी बानू, जी तायाक्काला उलटून बोलू शकणारी गावातली एकमेव बाई, तिनं सारिकाची हनुवटी धरून कान बघितला.

“आगं, भावाला नऊ आठवडं लागलं, तुला आठ दिवसांत! आक्का, तुमची पोरगी पयल्या नंबरात पास.”

“माझी हाय,” तायाक्का म्हणाली.

सारिका हसली नाही. बायका कामाला लागल्यावर ती आईजवळ सरकली. “आई, दिवा हिरवा हाय. मी न्हाई.”

“म्हंजे?”

“अजून बोलतायत ती. कालच्यापेक्षा जवळनं.”

“नवीन औषध हाय, जरा दम धर. आणि बायकांम्होरं असलं बोलू नको.”

“डबीतलं औषध कमी झालंय. पयल्या दिवशी अर्धी वाटी होतं. आता दोन चमचे.”

“बरी झालीस म्हणून कमी झालं. सगळ्यांचं तसंच होतं. तुझ्या भावाचं झालं न्हाई का?”

धैर्यशील तिथंच पेट्या भरत होता. तो म्हणाला, “आई, माझा दिवा हिरवा झाला तवा मला आतनं कळलं होतं. कुणी बघायच्या आधी. ताई म्हणती तिला कळत न्हाई. एकदा वाघमोडे मॅडमना फोन करू की.”

“तू गप बस. तू बरा झाला न्हाईस का त्या दाण्यावर? का तुझाबी खोटा हाय म्हणायचं? तुझ्या सासऱ्याला सांगू का?”

धैर्यशीलनं पुढची पेटी ओढली. त्याचं लायसन, त्याचं लग्न, त्याच्या शेजारी टेम्पोत बसायला तयार होणारी माणसं, सगळं त्या हिरव्या टिपक्यावर उभं होतं.

मग सारिकानं स्वतःच काहीतरी शोधून काढलं. एका रविवारी तिनं खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या नावानं उपास धरला. दिवसभर नुसतं पाणी. सोमवारीही काही खाल्लं नाही. मंगळवारी सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा तिची नजर स्थिर होती. चाळणीच्या यंत्राशेजारून गेली, पण दचकली नाही.

“पाण्यावर असले की गप होतात ती,” तिनं आईला सांगितलं. “दुसऱ्या दिवशी तर पार लांब जातात. सिद्धनाथ पावला बघ.”

तायाक्काच्या हातातला बेदाणा हातातच राहिला.

तिला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी, पाळी थांबली त्या साली, याच शेडमध्ये, याच जागी, चाळण सुरू झाली की आतून तिची मेलेली सासू बोलायची. तायडे, तुझं चालणं बघ. तायडे, तू भात करपवलास. तायाक्कानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं? शेडमध्ये चाळीस बायका, दारात व्यापारी, गावात नाव. तिनं सिद्धनाथाचा रविवार धरला, पाण्यावर. सासू थोडी गप्प झाली. मग मंगळवार धरला, मग एक दिवसाआड. बारा वर्षं ती अर्ध्या पोटी जगली. लोक म्हणाले, काय भक्ती! आणि मधल्या दिवसांत सासूचा आवाज आला की तायाक्का त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायची. कामाच्या बायकांवर, व्यापाऱ्यांवर, नवऱ्यावर. तिच्या जिभेची धार गावाला माहीत होती, ती कशावर लागली होती ते कुणाला माहीत नव्हतं. साठी उलटली आणि आवाज आपोआप विरून गेला. तायाक्कानं तो देवाच्या पदरात टाकला आणि विषय संपवला.

आता लेक समोर उभी राहून तेच सांगत होती. त्या वेळी तायाक्कानं एवढंच म्हणायला हवं होतं, व्हय गं, मलाबी व्हायचं. चार शब्द. पण शेजारी बानू होती, पट्ट्यावर बायका होत्या.

“कर की मग उपास,” ती म्हणाली. “देवाचं काय वाईट हाय?”

सारिकानं केले. आठवड्याचे चार दिवस पाण्यावर, तीन दिवस भाकरीचा चतकोर. दोन महिन्यांत ती शांत झाली आणि वाळलीही. मैथिलीला फोनवर लग्नाच्या साड्यांबद्दल विचारायला लागली. मधेच एखादं वाक्य थांबवून कान द्यायची, पण मग मान झटकून पुढं बोलायची. तायाक्का मनात म्हणायची, तृतीयेपर्यंत एवढं टिकलं तरी पुष्कळ.

तृतीयेला वीस दिवस उरले असताना जालिंदरचा फोन आला. मैथिलीनं त्याला आईचा फोटो दाखवला होता.

“मामी, ही काय तब्येत म्हणायची? गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. पाव्हणं म्हणतील, बाई आजारी हाय आणि लपवून ठेवलीय.”

“उपास करती ती. देवाधर्माचं माणूस हाय.”

“असंल. पण मांडवात हाडाचा सापळा उभा करणार न्हाई मी. दिवा एक आणि तब्येत एक, दोन्ही पायजे. तसं ठरलं होतं आपलं.”

तायाक्का रात्र मध्ये जाऊ न देता लगेच कामाला लागणारी बाई. फोन ठेवला तशी ती चुलीपुढं गेली. नवस मोडायचा नव्हता. देवानं आपल्यालाही तारलं, लेकीलाही तारतोय, त्याच्याशी बेइमानी करायची नव्हती. पण देवाला चालेल असं कितीतरी घरात होतं. तिनं साबुदाणा भिजत घातला.

“माझा पाण्यावरचा हाय आई,” सारिका ताटलीकडे बघून म्हणाली.

“उपास मोडायला कोण सांगतंय? उपासाचंच हाय हे. सिद्धनाथाच्या पुजाऱ्याच्या घरीबी हेच खातात. आख्खा म्हाराष्ट्र खातो, त्यांचा उपास मोडतो का?”

“पण पाण्यावर असले की...”

“पाण्यानं होतंय का देवानं होतंय?”

सारिकाला ते ठाऊक नव्हतं. तायाक्काला तरी कुठं ठाऊक होतं? बारा वर्षं तिला वाटत आलं होतं की देवानं तिची भक्ती बघून आवाज बंद केला. पोट रिकामं होतं ही भक्तीची किंमत होती, औषध नव्हे.

“खा,” ती म्हणाली. “लेकीच्या मांडवात उभं राहायचंय ना? खा.”

रविवारी खिचडी. सोमवारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मंगळवारी रताळ्याचा गोड कीस, वर मूठभर उत्तम हिरवा बेदाणा. राजगिऱ्याचे लाडू डब्यात भरलेले, जाता येता एक. सारिकाचे गाल भरायला लागले. तायाक्का स्वतः समोर बसून भरवायची, बानूच्या भाषेत, ‘लग्नाच्या बोकडागत’.

सहाव्या दिवशी सारिका खाता खाता थांबली. “आई, उपास धरला तरी गप होत न्हाईत आता.”

“सवय व्हायची हाय. खा.”

“देव गेला गं.”

“कुठं जातोय देव?”

“गेला. आधी मी उपास धरला की तो ऐकायचा. आता धरते तरी ऐकत न्हाई. माझंच कायतरी चुकलं असंल.”

तायाक्कानं तिच्या कानामागं बघितलं. हिरवा. स्वच्छ, पयल्या प्रतीचा हिरवा. “काय चुकलं न्हाई,” ती म्हणाली आणि पुढचा घास केला.

तृतीयेच्या दिवशी जालिंदर आला. बरोबर मैथिली. सोप्यात धैर्यशील बसला होता. सारिकानं जरीची साडी नेसली होती, चेहरा भरलेला, कपाळावर कुंकू ठसठशीत. जालिंदरनं तिच्याकडे बघितलं आणि त्याचे खांदे सैल झाले. त्यानं हळूच कानामागचा टिपका बघून घेतला.

“बघा जावईबापू,” तायाक्का म्हणाली. “ठरल्याप्रमाणं. मोजून घ्या.”

“तुमच्या शब्दाला तोड न्हाई मामी.”

“मम्मी, तू किती छान दिसतीस,” मैथिली म्हणाली. सारिकानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि पानं मांडायला आत गेली.

ताटं घेऊन आली. एक जालिंदरपुढं, एक मैथिलीपुढं, एक धैर्यशीलपुढं, एक आईपुढं. पुन्हा आत गेली. आणखी तीन ताटं आणली, भिंतीकडेनं मांडली. पुन्हा गेली. आणखी दोन. प्रत्येक ताटात पुरणपोळी वाढली, तुपाची धार सोडली. सगळ्यांना वाटलं, मागनं अजून कुणी येणार असेल.

“ही कुणाची गं?” शेवटी मैथिलीनं विचारलं.

“रोजची माणसं हायत,” सारिका म्हणाली. रिकाम्या ताटापुढं वाकून तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “घ्या. आज तरी नावं ठेवू नका. माझी लेक आलीय.”

जालिंदरनं पोळीचा घास ताटात परत ठेवला. तो सारिकाच्या कानाकडे बघत राहिला. मग तायाक्काकडे. “दिवा तर हिरवा हाय,” तो म्हणाला. रागानं नाही. घाबरून.

तो उठला, त्यानं मैथिलीला ऊठ म्हटलं. मैथिली उठली नाही.

“तुम्ही जावा पप्पा,” ती म्हणाली. “मी मम्मीला घेऊन मिरजेला जाते.”

गौतमी वाघमोडे आता तरणी राहिली नव्हती. तिनं सारिकाशी तासभर बोलून घेतलं आणि मग बाकीच्यांना आत बोलावलं. सारिका पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“पाण्यावर असताना बरी होती म्हणतात त्या,” डॉक्टर म्हणाली. “आजी, हे तुम्ही बघितलं होतं?”

“व्हय.”

“मला का नाही कळवलंत? उपाशी राहिलं की शरीर स्वतःची चरबी मोडून तेच इंधन करतं, जे मी बाटलीतून देते. त्या स्वतःचं औषध स्वतः तयार करत होत्या. मग थांबलं कशानं?”

“थांबलं न्हाई. उपास चालूच हायत.”

“मग खातात काय?”

“साबुदाणा,” तायाक्का म्हणाली. “वरी. राजगिरा. रताळं.”

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“पोटात गेलं की सगळी साखर आजी. साखर आली की चरबी मोडणं बंद. ते इंधनच तयार होत नाही.”

“पण मग दिवा?” धैर्यशीलनं विचारलं. “दिवा हिरवा कसा?”

“तेच मला कळत नव्हतं.” डॉक्टरनं ती पाटीएवढी काच पुढं ओढली. “हा पावटा शिकला कुणावर? पहिल्या हजारो रुग्णांवर, आणि ते बहुतेक तुझ्यासारखे तरुण मुलगे. बायकांचे आकडे पाळीबरोबर वर-खाली होतात, हिशोब बिघडतो, म्हणून बायका घेतल्याच नाहीत फारशा. तेव्हा हिरवा म्हणजे पुरुषाचा हिरवा. बाईच्या मेंदूतल्या चुलींना तिच्या अंगातलं संप्रेरक फुंकर घालत असतं. त्या फुंकरीवर ती विशी, तिशी, चाळिशी निभावते. मुलगा एकोणिसाव्या वर्षी कोसळतो तिथं त्याची बहीण उभी राहते. पण पाळी थांबली की फुंकर थांबते. मग अशा बाईला भावाच्या दुप्पट इंधन लागतं. यंत्रानं तिला भावाच्या मापानं मोजलं, पुरेसं आहे म्हणालं, आणि औषध कमी केलं.”

“मग बायकांचं माप न्हाई का कुणी केलं?” मैथिली म्हणाली.

“केलं. दोन वर्षं झाली. पण ते आपोआप लागत नाही. या चुली लेकराला फक्त आईकडून मिळतात. आईच्या घराण्यात असा त्रास असेल तरच यंत्र ते माप काढतं. आता त्या प्रश्नाच्या उत्तरावरच ते ठरतं. इथं उत्तर ‘नाही’ असं आहे.”

तायाक्का काचेकडे बघत होती. “बापाकडून?”

“बापाकडून एकही चूल येत नाही आजी.”

आयुष्यात पहिल्यांदा तायाक्काला तोंड उघडायला जोर लावावा लागला. “मला व्हायचं,” ती म्हणाली. “बारा वर्सं. चाळणीतनं सासू बोलायची. मीबी पाण्यावर राहून काढलं.”

धैर्यशीलनं डोळे मिटले.

“तुला ठाऊक होतं?” मैथिली म्हणाली. “मम्मी सांगत होती तवा तुला ठाऊक होतं, आजी?”

“मला वाटलं, देवानं...”

“आणि काचेनं विचारलं तवा?”

या वेळी पुढं करायला कुणी नव्हतं. चुलता केव्हाच संपला होता.

डॉक्टरनं काचेवर दोनदा बोट टेकवलं, ‘नाही’चं ‘हो’ केलं. खाटेवर सारिका तशीच बसली होती, तसाच हात मांडीवर, तशीच मान. तिच्यात काही म्हणजे काही बदललं नाही. कानामागचा टिपका मात्र लाल झाला. पिवळ्यावर थांबलाही नाही.

औषध दुप्पट झालं, मग तिप्पट. वैशाख आला. मैथिलीनं मुलाकडच्यांना स्वतः फोन करून सगळं सांगितलं, आजीपासून. त्यांनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. तायाक्का तिच्यावर तुटून पडली, विचारलं कुणी होतं का तुला, आपणहून कशाला सांगायचं? मैथिली म्हणाली, “उद्या मला पोरगी झाली आणि कुणी विचारलं, तर मला ‘न्हाई’ म्हणायचं नव्हतं.” तेवढंच म्हणाली आणि मिरजेला खोली घेऊन राहिली, आईजवळ.

पावसाळा संपता संपता सारिकाचा दिवा हिरवा झाला. या वेळी खऱ्या मापानं हिरवा. डॉक्टरनं तायाक्काला बाहेर बोलावलं तेव्हा तिच्या तोंडावर हिरव्याची खूण नव्हती.

“चुली पेटल्यात. पण धुमसत होत्या त्या आठ महिन्यांत आतलं पुष्कळ गेलं. सुरुवातीचे महिने या आजारात मोलाचे असतात, ते निघून गेले. खातील, पितील, चालतील. आवाज आता राहणार. आणि आजी, अजून एक. कुणाचा आवाज येतो ते त्या सांगायला लागल्यात.”

“कुणाचा?”

“तुमचा. दिवसभर. खा, खा म्हणतो.”

डॉक्टरनं वॉर्डाचं दार ओढून घेतलं.

“तुम्ही भेटायला या. पण त्यांच्यासमोर बोलू नका. तुम्ही बोललात की त्यांना खरं कुठलं, आतलं कुठलं ते उमगत नाही. परवा तुम्ही गेल्यावर त्यांनी रात्रभर कानात कापूस कोंबला होता.”

“किती दिवस?”

डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला, दिवस सांगितले नाहीत.

तेव्हापासून दर गुरुवारी तायाक्का तासगावाहून पहिल्या गाडीनं मिरजेला येते. शेड तिनं बानूवर सोपवली. वॉर्डाच्या व्हरांड्यात बाक आहे, त्यावर सारिकाच्या शेजारी बसते. घरून काही आणत नाही. पाणी विचारायचं तर तांब्याकडे बोट करते. सुरुवातीला जबडा दुखायचा तिचा, इतका आवळून धरायची.

एका गुरुवारी सारिका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग सरकून जवळ आली. तिनं तायाक्काचा हात हातात घेतला, सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. कित्येक महिन्यांत तिनं आईला हात लावला नव्हता.

“तुम्ही कुठल्या?” तिनं विचारलं.

तायाक्काच्या ओठापर्यंत शब्द आला. तिनं तो गिळला आणि बोटानं लांब, रस्त्याकडे दाखवलं.

“माझ्या आईसारख्या दिसता अगदी,” सारिका म्हणाली. “पण तुम्ही ती न्हाई. ती गप बसत न्हाई कधी.” तिनं डोकं तायाक्काच्या खांद्यावर टेकलं. “आत्तासुद्धा बोलतीय बघा. तुम्ही बऱ्या. तुम्ही येत जावा.”

तायाक्कानं मान हलवली.